नवसाचा मासा

"पण बाबा, सटवाजीनं नाही, तर मासे मारले कुणी, ते तरी बोलाल का?"

दर्ग्याच्या तळ्याकाठी बसून हसनशा फकीर कणकेच्या गोळ्या वळत होता. तळ्यातले मासे नवस फेडणाऱ्यांनी सोडलेले. गेले काही दिवस अंगावर फोड येऊन ते मरत होते.

विचारणारा प्रद्युम्न याच गावचा, फकिराच्या अंगाखांद्यावर खेळलेला. आता शहरात माशांच्या रोगांचा डॉक्टर. विद्या मोठी, तोरा त्याहून मोठा.

खालच्या पायरीवर सटवाजी भोई एकटाच बसला होता. मेलेल्या माशांत सापडलेला जंतू त्याच्या तलावातही आहे, असं प्रद्युम्ननं परवा सांगितलं आणि तेव्हापासून गाव त्याच्या सावलीलाही उभं राहीना. आज चावडीवर त्याचा तलाव काढून घ्यायचं ठरणार होतं. दुसरं पोटाचं साधन त्याला नव्हतं.

"जंतू त्याचाच ना, बेटा?"

"नाव एकच आहे. पण आज जनुकं तपासून आली... वाण वेगळा निघाला. हा जंतू त्याच्या तलावातला नाही."

"म्हणजे सटवा सुटला."

"सुटतो कसला! चोराच्या मनात चांदणं, बाबा. बघा, कसा मान खाली घालून बसलाय."

"मग जुळला कुणाशी?"

प्रद्युम्न जरा अडखळला. "आमच्या संस्थेत मासे ठेवायच्या टाक्या आहेत. तिथल्या जंतूशी. यानंच तिथून मासे पळवून आणले असणार."

"शहर तरी पाहिलंय का त्यानं?"

"पाहिलं असेल. या लोकांचा काय भरवसा?"

सटवाजीनं ते ऐकलं. त्याची मान आणखी खाली गेली. फकिराला फार वाईट वाटलं.

त्यानं एक गोळी पाण्यात टाकली. एकही मासा वर आला नाही.

"उरुसाला तू डॉक्टर झाल्याचा नवस फेडलास. तुझ्या आईनं गावभर साखर वाटली."

"हो. वाटली की."

"मासा कुठून आणला होतास?"

प्रद्युम्न हसायला गेला... हसू तोंडातच राहिलं.

"बाबा... तो मासा धडधाकट होता. अंगावर एक डाग नव्हता. मला काय ठाऊक?"

"सटवाही हेच सांगत होता."

चावडीवर हलगी वाजू लागली. प्रद्युम्न धडपडत उठला.

"आता गावाला काय सांगू, बाबा?"

फकिरानं उरलेली कणीक त्याच्या हातावर ठेवली आणि खालच्या पायरीकडे बोट केलं.

"आधी तिथं जाऊन बस."