न वाचलेला कागद

नदीकाठच्या कुरणवाडीत हौसाबाई राहत असे. परड्यात दहा-बारा कोंबड्या, दारात शेवगा, कुंपणालगत माठाचे वाफे. बाजाराच्या दिवशी ती अंडी आणि भाजी विकायची आणि येताना मुलीसाठी बिस्किटं, वेफर्स आणायची. मुलगी प्रणिता नववीत होती. घरचा पाला आपण खाल्ला, लेकीने तरी दुकानातलं चांगलंचुंगलं खावं, असं हौसाबाईला मनापासून वाटे.

एकदा शाळेत मुलींचं रक्त तपासलं. प्रणिताच्या अंगात रक्त फार कमी निघालं. गावच्या नर्सबाईंनी आयांना बोलावून गोळ्या दिल्या आणि काय खावं, काय टाळावं याचा छापील कागद प्रत्येकीच्या हाती ठेवला. बायका कागदावर नजर फिरवून माना डोलावत होत्या. हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनेही मान डोलावली. घरी प्रणिताने कागद मागितला, तेव्हा मला सगळं ठाऊक आहे असं सांगून तिने तो पेटीत टाकला. लेकीपुढे कमीपणा नको, एवढंच तिच्या मनात होतं.

ती न चुकता रोज सकाळी गोळी द्यायची, चहा-बिस्किटाबरोबर.

दोन महिने गेले. तालुक्याच्या खो-खोच्या सामन्यात प्रणिता धावता धावता कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक होते. “आई,” ती म्हणाली, “मला संघातून काढतील का गं?”

घरी आल्यावर हौसाबाईने पेटीतला तो कागद बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन ती दवाखान्यात गेली. ओसरीवर गावातल्या बायका बसलेल्या होत्या. त्यांना पाहून तिचे पाय मागे वळू लागले. मग तिला लेकीचे ओठ आठवले. ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

“बाई, तो कागद मला वाचता आला न्हाई. मी उगाच मान हलवली. आता तुम्ही वाचून सांगा.”

कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला. मग म्हणाल्या, “चूक माझीही आहे. मी कागद वाटले, पण कळलं का, असं कुणाला विचारलं नाही.”

त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही; चहाने तिचा गुण कमी होतो. जेवणात अंडी हवीत, शेवग्याचा पाला, माठ, भिजवलेले हरभरे, वर लिंबू पिळून. हौसाबाई ऐकत राहिली. यातलं बरंचसं ती दर आठवड्याला पाटीत भरून दुसऱ्यांच्या घरी पोचवत होती. तिचे डोळे भरून आले. तिने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. तेवढ्यात आणखी दोघीजणी पुढे सरकल्या. त्यांनाही वाचता येत नव्हतं.

त्या आठवड्यापासून अंडी आधी घरात शिजू लागली. प्रणिताने वेफर्ससाठी तोंड वाकडं केलं, पण आई तेच जेवण घेऊन शेजारी बसायची, मग तीही जेवायची. शाळेतून आल्यावर ती आईला अक्षरं शिकवी. शिकायला दवाखान्यातल्या त्या दोघीही येऊ लागल्या.

हिवाळा संपता संपता प्रणिताचं रक्त वाढलं. ती पुन्हा संघात आली आणि अख्खा डाव धावली. मैदानाकडेला एका बाईने हौसाबाईला विचारलं, कुठलं टॉनिक दिलंस गं?

हौसाबाई म्हणाली, “टॉनिक कसलं? मला वाचता येत न्हाई असं मी म्हणाले, तिथून सगळं सुरू झालं.”

तात्पर्य: आईबाप शिकले की मुलांच्या ताटाला त्याचा गुण येतो, आणि आपल्याला येत नाही हे लेकरासाठी मोकळेपणाने कबूल करणं, हा त्या शिक्षणाचा पहिला धडा आहे.