वाढलेल्या साखरेची जागा

टिपणीसांचं स्वयंपाकघर नव्याने बांधायला काढलं आणि एकाच भिंतीवरून पेच पडला. सुनेला, शर्वाणीला, तिथे कोठीचं कपाट हवं होतं, तर सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आपल्या बक्षिसाच्या ढालींचं शोकेस.

"डबे पलंगाखाली जातील," अण्णांनी सुताराला बजावलं.

भांडं पडलं तरी दचकणारी शर्वाणी पुटपुटली, "अण्णा, रोज साखरेसाठी पलंगाखाली शिरायचं? आज तर ती संपली—"

"संपली?" अण्णा गरजले. "अभद्र बोलू नकोस! गृहिणीने 'वाढली' म्हणावं!"

शर्वाणी दचकली, पण हटली नाही. "बरं. साखर वाढली. डाळ वाढली, तांदूळही वाढले. एवढं सगळं वाढल्यावर, अण्णा, ते पलंगाखाली मावायचं कसं?"

सुतार फिसकन हसला. अण्णांना आता 'संपलं' तर म्हणता येईना!

"बघतोस काय?" ते सुतारावर खेकसले. "कपाटाचं माप घे!"