राघूचा बिनतोड प्रश्न

फार मागे, नदीकाठच्या बाभळीवर एक राघू राहत असे. बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. खाली वाळूत टिटवीची अंडी होती, आणि टिटवी रात्रभर ओरडत राही.

"टिटवीबाई, एवढी ओरडतेस, कोल्हा एकदा तरी आला का?" राघूने विचारलं.

"नाही आला, राघूभाऊ."

"मग आमची झोप कशाला मोडतेस?"

पाखरं खदखदून हसली. त्या रात्री टिटवी गप्प बसली, आणि कोल्ह्याने अंडी खाल्ली.

सकाळी राघू खाली उतरला. टिटवीच म्हणाली, "तुमचं बरोबरच होतं. मलाच नीट सांगता आलं नाही."

राघूने मान खाली घातली. तिच्या ओरडण्यानेच कोल्हा लांब राहतो, हे त्याला काल बोलतानाच उमगलं होतं. पण तेव्हा पाखरं हसत होती.