आदाक्काची पाणपोई

फार वर्षं झाली. रत्नगिरीच्या डोंगराला पायऱ्या होत्या, पण वाटेत पाणी नव्हतं. खाली पायथ्याच्या गावात एक विहीर आणि वर पार्श्वनाथांचं मंदिर. मधल्या नऊशे पायऱ्या यात्रेकरू कोरड्या घशानं चढायचे. म्हणून गावच्या पंचांनी निम्म्या वाटेवर, एका सपाट खडकाशेजारी, पाणपोई घातली, विहिरीचं पाणी रोज सकाळी कावडीनं वर पोचवायची सोय केली आणि तिथं आदाक्काला बसवलं. ती तरुणपणीच विधवा झालेली, अंगानं काटक आणि बोलायला गोड होती.

जैनांच्या घरी पाणी गाळून पितात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण नुसतं गाळून भागत नाही. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे पाऊण तास, झाल्या की पुन्हा गाळायचं. फडक्यात जे बारीक जीव अडकतात, ते पाण्यानं अलगद धुऊन लोटीत घ्यायचे आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. आदाक्का दिवसातून तीनदा लोटी घेऊन साडेचारशे पायऱ्या उतरायची, दोरीनं लोटी विहिरीत सोडायची आणि पुन्हा चढायची.

असं म्हणतात की एका वर्षीचा उन्हाळा असा होता की अनवाणी पायांना पायऱ्या सोसवत नव्हत्या. एके दुपारी आदाक्कानं लोटी उचलली, खाली पाहिलं आणि ती शेजारच्या खडकावर उपडी केली. पाणी बघता बघता सुकलं. कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. मग महिनाभर तेच चाललं.

एक दिवस बेळगावकडची रत्नव्वा नावाची म्हातारी चढत आली. आठ दिवसांचा उपवास करून आलेली. ओठांना भेगा पडल्या होत्या. आदाक्कानं तांब्या पुढं केला. म्हातारीनं तो हातात घेतला नाही.

"जिवाणी विहिरीत सोडलीस न्हवं, बाई?" तिनं विचारलं. "तसा माझा नेम हाय."

"सोडली की, आज्जी," आदाक्का म्हणाली.

म्हातारी सावकाश पाणी प्याली. मग खाली वाकली आणि तिनं आदाक्काच्या पायांना हात लावला. "एवढ्या उन्हात उतरतीस, चढतीस. तुझ्यामुळं माझा नेम टिकला बघ," असं म्हणाली आणि वर निघून गेली.

आदाक्का तिथंच उभी राहिली. पायावर जिथं म्हातारीची बोटं लागली, तिथं निखारा ठेवल्यासारखं झालं, असं म्हणतात. तिनं पाय पाण्यानं धुतले, मातीनं घासले. काही केल्या थांबेना. शेवटी ती पायऱ्या चढत सुटली.

म्हातारी मंदिराच्या अंगणात बसली होती. भोवती माणसं होती. आदाक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "आज्जी, मी खोटं बोलले. जिवाणी मी खडकावर ओतते. महिना झाला."

 म्हातारीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"मला समाधान झालं हुतं," ती म्हणाली. "मग कशाला सांगितलंस?"

"तुम्ही माझ्या पाया पडलात."

"बरं. माझा नेम मोडला, त्याचं प्रायश्चित्त मी घेते. तुझं तू बघ."

आणि त्या थकल्या जिवानं पुन्हा तीन दिवसांचा उपवास धरला. पाणीसुद्धा घेतलं नाही. आदाक्का अंगणाबाहेर उन्हात बसून राहायची आणि लोटीची वेळ झाली की उठून विहिरीवर जायची. मंदिरात मात्र ती पाऊल टाकायची नाही. आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू यायचं. पंच म्हणाले, तू पाणपोईवरनं ऊठ. ती मान खाली घालून म्हणाली, "म्हातारी उठवेल तर उठेन."

चौथ्या दिवशी म्हातारीनं पाणी मागितलं, ते आदाक्काच्याच हातचं.

"जिवाणी सोडलीस?"

"सोडली."

"खरं?"

"खरं, आज्जी."

म्हातारी प्याली. पण तो दुसरा प्रश्न आदाक्काच्या काळजात रुतला, तो कायमचा.

त्यानंतर चाळीस वर्षं तिनं एकही लोटी चुकवली नाही. असं म्हणतात की पुढं पुढं ती अशी उतरायची, की लोटीतल्या पाण्यावर तरंगही उठत नसे. मग मोठा दुष्काळ पडला. पंचक्रोशीतल्या विहिरी आटल्या, पायथ्याची विहीर मात्र बोटभरही खाली गेली नाही. लोक म्हणाले, ही आदाक्काची पुण्याई, आणि पाया पडायला आले. तिनं पाय पदराखाली ओढून घेतले. "आधी ऐका," म्हणाली, आणि आपली लबाडी पहिल्यापासून सांगितली. जो आला त्याला सांगितली. सांगताना दर वेळी तिचा चेहरा पहिल्यांदा सांगत असल्यासारखा उतरायचा.

आदाक्का गेली त्या दिवशी विहिरीचं पाणी काठापर्यंत आलं होतं, असं म्हणतात.

आज डोंगरावर नळ आहे. तरी निम्म्या वाटेवरची पाणपोई तिच्याच नावानं चालते आणि तिथं विहिरीचंच पाणी देतात. गावातलं एकेक घर पाळीनं बसतं. पिणाऱ्यानं विचारायचं, "जिवाणी सोडली?" मग पुन्हा विचारायचं, "खरं?" देणाऱ्याच्या पाया कुणी पडत नाही. आणि एखाद्या दिवशी कुणी खाली मान घालून "नाही" म्हणालं, तर लोक त्याला काही बोलत नाहीत. तांब्या हळूच खाली ठेवतात आणि तहानलेलेच वर चढतात.