कुलपापुढची भिक्षा

“भिक्षूचं चीवर अंगावर आलं की मन गप्प बसतं का, भंतेजी?”

“नाही.”

भंते खेमधम्म विहारासमोरचं अंगण झाडत होते. उत्तर देताना त्यांच्या हातातला खराटा थांबला नाही.

“तरी मला श्रामणेर दीक्षा द्या.”

“का?”

संघपाल सोनकांबळे पायरीवर टेकला. मग म्हणाला, “मला आता कुठंच जायचं नाही.”

खराटा थांबला.

संघपाल एसटीचा ड्रायव्हर. घाटातला नावाजलेला माणूस. धुक्यात, पावसात, कसल्याही गाडीवर बसवा, सवारी सुखरूप खाली आणणार. डेपोतली नवी पोरं त्याच्या शेजारी बसून वळणं शिकायची. अंगात ताप असला तरी त्यानं कधी ड्यूटी बदलून मागितली नाही. ‘सोनकांबळेनं आजवर कुणापुढं हात पसरला नाही,’ हे त्याचं आवडतं वाक्य. लोकही ते त्याच्याबद्दल कौतुकानं सांगत.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र त्याच्या आत काहीतरी विझत चाललं होतं. जेवण मातीसारखं लागे. झोप उडाली. अंगात खाकी शर्ट घालायचा तर बटणांकडे बघत तो खाटेवर बसून राही. बायको, कुशावर्ता, विचारायची, “काय होतंय?” त्याला सांगता यायचं नाही. दुखत तर काहीच नव्हतं.

आणि मग एक दिवस भर घाटात त्यानं गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि खाली उतरून दगडावर बसला. कंडक्टर धावत आला. संघपाल एवढंच म्हणाला, “दुसरा ड्रायव्हर मागव.”

“मागं सवारी होती म्हणून थांबलो, भंतेजी,” आज तो पहिल्यांदाच हे कुणाला सांगत होता. “गाडी रिकामी असती तर… माझा मलाच भरवसा वाटला नाही.”

भंतेंनी खराटा भिंतीला टेकवला. त्याच्यासमोर खाली बसले.

“हे घरी माहीत आहे?”

“नाही.”

“दवाखान्यात?”

संघपाल कडवट हसला.

“गेलो की! जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टरनी मान वर न करता विचारलं, झोप लागते का, भूक लागते का. गोळ्या दिल्या. म्हणाले, गोळ्यांसोबत समुपदेशन पण घ्या, मागच्या बाजूच्या खोलीत. गेलो, तर खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, मॅडम मंगळवारी असतात. मंगळवारी गेलो, तर मॅडम शिबिराला. पुढच्या मंगळवारी पुन्हा कुलूप. ‘असं करा, खासगीत दाखवा,’ म्हणाला. मी कुलपाकडं बघत उभा. वाटलं, आपलं हे बरोबरच आहे. आपल्यासाठी कुणी दार का उघडावं? गोळ्या पण बंद केल्या.”

“मग?”

“मग काय? मी भिकारी नाही, भंतेजी. पुन्हा त्या दारात जाणार नाही. तुम्ही दीक्षा द्या. सांगाल ते करीन.”

“सांगेन ते?”

“शब्द देतो.”

भंते उठले. आत जाऊन त्यांनी भिक्षापात्र आणलं.

“चल. भिक्षेला जायची वेळ झाली.”

संघपालला वाटलं, खालच्या वस्तीत जायचं असेल. पण भंते वस्ती ओलांडून थेट थांब्यावर आले आणि जिल्ह्याच्या गाडीत चढले. संघपालला कितीतरी वर्षांनी सवारीच्या बाकावर बसावं लागलं. वाटेत भंते एक शब्द बोलले नाहीत. गाडी दवाखान्यापुढं थांबली तेव्हा तो बाकावरून उठलाच नाही.

“भंतेजी, इथं नको…”

भंते पुढं निघाले होते. शब्द दिलेला माणूस मागं मागं चालत राहिला.

वार मंगळवार होता. खोलीला कुलूप होतं.

बाकावर चार माणसं मुकाट बसली होती. भंते त्या बंद दारापुढं जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांत पात्र, नजर खाली. जसे रोज कुणाच्या उंबऱ्यापुढं उभे राहत तसेच.

येणारे-जाणारे थबकू लागले. एका नर्सनं वाकून वंदन केलं आणि बिस्किटांचा पुडा पुढं केला. भंतेंनी पात्रावर हात आडवा धरला. एका म्हाताऱ्यानं पिशवीतली केळी काढली. पुन्हा हात आडवा.

शिपाई आला. तो चांगलाच गोंधळला होता.

“काय पाहिजे, भंतेजी?”

भंते गप्प.

“कुणाला भेटायचंय? मॅडम नाहीत आज.”

भंते गप्पच.

 संघपाल त्यांच्या कानाशी लागला. “भंतेजी, त्यांना सांगा ना काय हवंय ते.”

“भिक्षू मागत नसतो. नुसता उभा राहतो,” भंते हळूच म्हणाले. “तसा नियम आहे.”

“मग त्यांना कळणार कसं?”

“नाही कळणार.”

“मग कोण सांगणार?”

भंतेंनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

“तू अजून भिक्षू झालेला नाहीस.”

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बाराकडं सरकत होता. मध्यान्हीनंतर भंते अन्न घेत नाहीत, हे संघपालला ठाऊक होतं. पात्र रिकामं होतं. 

संघपालनं तोंड उघडलं.  घाटात हजार वेळा हॉर्न दाबलेल्या माणसाला स्वतःचा आवाज सापडेना.

“मला…”

शिपाई म्हणाला, “काय? मोठ्यानं बोला.”

“मला आत जायचंय!” संघपाल ओरडला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. आता मागं फिरायला जागा नव्हती. “मला समुपदेशन हवंय. मी एसटी चालवतो. मला जगावंसं वाटत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की बोला, आणि ज्या खोलीत बोलायचं तिला कुलूप आहे. मी तीनदा परत गेलोय. आज जाणार नाही. मला मदत पाहिजे.”

शेवटचे शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले होते. ते उच्चारून तो मेला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.



मग बाकावरची एक बाई उठली. तिच्या पदराला धरून तिची तरणीताठी लेक उभी होती, नजर हरवलेली. “आम्हाला बी,” बाई म्हणाली. “आम्ही बी किती मंगळवार झाले येतोय.”

“मलासुद्धा,” कॉलेजातलं एक पोरगं म्हणालं आणि आपण बोललो या लाजेनं लाल झालं.

गलका ऐकून मोठे डॉक्टर आले. त्यांनी समजावणीच्या सुरात सुरुवात केली, “हे बघा, स्टाफ कमी आहे. मॅडमना सध्या कार्ड काढायच्या खिडकीवर बसवलंय…”

“म्हणजे त्या याच इमारतीत आहेत?” संघपालनं विचारलं.

 डॉक्टरांच्या मागं, गर्दीतून वाट काढत, चष्मा लावलेल्या एक बाई येऊन पोचल्या होत्या. संघपालचा आवाज पार खिडकीपर्यंत गेला होता.

“आहे,” त्या म्हणाल्या. “मीच ती मॅडम, शेख.”

“मॅडम, खिडकीवर कोण आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“दुसरं कुणीतरी बसवा, सर. तिथं कुणीही बसू शकतं.” त्यांनी पर्समधून किल्ली काढली.  “हे काम माझं आहे. मी पण मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं.”

डॉक्टर किल्लीकडं बघत राहिले. मग शिपायाला म्हणाले, “आत पंखा चालतो का बघ. आणि दर मंगळवारी ही खोली उघडी राहील असं बाहेर लिही.”

कुलूप निघालं. खोलीत धूळ होती, दोन खुर्च्या होत्या. संघपाल आत जाऊन बसला. मॅडमनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “सांगा.” त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि मग तो रडला. मॅडमनी त्याला थांबवलं नाही. निघताना त्यांनी त्याच्या परवानगीनं कुशावर्ताला फोन लावला, बंद पडलेल्या गोळ्या डॉक्टरांकडून पुन्हा सुरू करून दिल्या आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर कुणाला फोन करायचा तो नंबर पाठ करून घेतला.

तो बाहेर आला तेव्हा भंते निघून गेले होते.

त्यानंतर संघपालचे मंगळवार ठरून गेले. एका दिवसात काही झालं नाही. काही आठवडे तर मागच्यापेक्षा वाईट गेले. पण कुशावर्ता सोबत येऊन बाहेर बसायची, आणि बाकावरच्या बाईशी तिची गट्टी जमली. डेपोत साहेबांना खरं ते सांगून त्यानं काही दिवस टेबलावरचं काम मागून घेतलं. एका सकाळी पिठलं खाताना तो म्हणाला, “मीठ जास्त झालंय.” कुशावर्ता चुलीपुढं हसायला लागली ती थांबेचना. कितीतरी महिन्यांनी त्याला चव लागली होती.

थंडी सरता सरता डॉक्टरांनी लिहून दिलं आणि तो पुन्हा गाडीवर बसला. घाट उतरून खाली आल्यावर कंडक्टरनं विनाकारण लांबलचक बेल दिली. सवारीला काही कळलं नाही. संघपाल मात्र पुढची सगळी वाट मोठ्यानं गात गेला.

पुढच्या मंगळवारी तो मॅडमच्या खोलीतून बाहेर पडला तर बाकावर सगळ्यांच्या मध्ये भंते खेमधम्म बसलेले. त्यानं धावत जाऊन पायांवर डोकं ठेवलं.

“वंदामि, भंतेजी! काल घाट उतरलो. पहिल्यासारखा! आज सांगायला विहारात येणारच होतो, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात माझ्यासाठी? आणि दीक्षेचं मी पुन्हा…”

आतून मॅडमनी हाक दिली, “पुढचे कोण आहेत?”

भंते गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

“वाट सोड, संघपाल. माझा नंबर आला.”