खांबाजवळची जागा

"...पण माझं चुकलं कुठं, महाराज?"

त्रिविक्रमाने तिसऱ्यांदा विचारलं. केसरनाथ महाराज सुपारी कातरत राहिले.

तेलंगणातून आलेल्या चार बैराग्यांना मठात मराठी शिकवायची होती, आणि तो वर्ग त्रिविक्रमाला हवा होता. बारा वर्षं काशीला शास्त्रं घोकून आलेला तो. काल त्याने महाराजांच्याच रीतीने वर्ग घेऊन दाखवला होता: पोथी नाही, पाटी नाही, नुसते हात. आज महाराज हो किंवा नाही सांगणार होते.

पण आज चौघे बैरागी भिंतीला चिकटून, एकमेकांच्या मांडीवर चढल्यागत बसले होते. खांबाजवळ भरपूर जागा मोकळी असून.

"काल काय शिकवलंस?"

"‘ये’ शिकवलं. असा हात..."

"हात खाली! नुसतं तोंडाने सांग."

त्रिविक्रमाने हात मागे घेतला. "पंजा आपल्याकडे वळवून म्हटलं, ये."

"कुणाला?"

त्याला हसू आलं. "कुणालाच नाही. एकाला बोलावलं असतं, तर बाकीचे तिघे बघत बसले असते. म्हणून खांबाजवळच्या मोकळ्या जागेला बोलावलं. मग चौघांनीही तसंच केलं. तीसएक वेळा तरी."

अडकित्ता थांबला.

"आणि ‘जा’?"

"ते आज घेणार. आपण दोन्ही एकाच बैठकीत उरकता, त्यात गोंधळ होतो. राग मानू नका, पण ही जुनी पद्धत..."

"चाळीस वर्षं," महाराज म्हणाले, "जितक्यांदा ये, तितक्यांदा जा. त्याच जागेला. मगच वर्ग सुटतो."

त्रिविक्रमाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेवढ्यात त्याची नजर खांबाकडे गेली.

सकाळी सारवलेली जमीन अजून ओली होती. तिच्यावर दोन पावलं उमटली होती, वर्गाकडे तोंड केलेली. दोनच. येतानाची नव्हती, जातानाची नव्हती...

"ये... ये..." थोरला बैरागी डोळे मिटून पुटपुटत होता. त्याला दुसरा शब्दच येत नव्हता.

त्रिविक्रम भिंतीकडे सरकला.

"महाराज... आता म्हणू का, जा?"

"मध्ये एक रात्र गेली. आता आलेल्याला हाकलतोस?"

"मग मी करू तरी काय?"

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले. खांबाला वळसा घालून, अंग चोरत, दारापर्यंत गेले.

"वर्ग तुझा," ते म्हणाले. "आज ‘बस’ शिकव. कालपासून उभा आहे तो."