थाळीचा खडक

लहानपणी पहाटे ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ठण... ठण... पाण्यावरून येणारा, काशाच्या थाळीचा. खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतो ना, तिथून यायचा. त्याला आम्ही थाळीचा खडक म्हणतो.

फार पूर्वी आमच्या वेळशी गावाने तीन डोलकाठ्यांचं गलबत बांधलं, असं सांगतात. घराघरातून सागवान आला, शिडं बायकांनी शिवली. गलबत हाकणारा तांडेल होता आवडाईचा लेक सोमा. गलबत पाण्यात उतरलं, आणि मग चूक ध्यानात आली. खाडीच्या तोंडाशी दोन खडक. ते दिसतात तेव्हा एवढ्या गलबताला पाणी पुरत नाही. पाणी पुरतं तेव्हा खडक बुडून जातात.

पलीकडच्या गावचे लोक हसायला यायचे. "काय आवडाई, हत्ती घरात वाढवलात. आता दारातून काढणार कसा?"

"दाराशी कुणी उभं राहिलं की निघेल," ती म्हणाली म्हणे.

उधाणाच्या दिवशी पहाटे ती काशाची थाळी घेऊन डावीकडच्या खडकावर उतरली आणि होडी परत धाडली. पाणी छातीपर्यंत चढलं. सुकाणूवरून शिडांआड पुढचं दिसत नाही, म्हणून तिनं लेकाला आधीच बजावलं होतं, "आवाज डाव्या हाताला ठेव, अगदी जवळ. आई आहे म्हणून लांब सरलास, तर पलीकडचा खडक गलबत फोडील. निघालेल्याला मी मागून हाक मारायची नाही. थाळी ऐक."

जमिनीकडून दर्याकडे वाहणारा मतलई वारा सुटला. गलबत तिला घासूनच गेलं म्हणे. लाट उसळली आणि थाळी थांबली. पण सोमानं सुकाणू वळवलं नाही.

मग पाण्यातून पुन्हा ठण!

तिन्ही डोलकाठ्यांवरची शिडं फुगली आणि गलबत भर दर्यात गेलं. हसायला आलेल्यांनीही पागोटी उडवली. आवडाईला होडीतून आणलं, तेव्हा लोक तिला खांद्यावर घ्यायला धावले. ती थांबली नाही. तोंड उघडलं असतं तर लेकाचंच नाव बाहेर पडलं असतं, आणि ती मागून हाकच झाली असती.

आजही नारळी पुनवेनंतर होड्या निघतात, तेव्हा पहिल्यांदा दर्यावर जाणाऱ्याची आई त्या खडकावर थाळी वाजवते. यंदा आमच्या शेवंतीचा पोर गेला. ती बघा, तिची होडी काठाला लागली. तिला काही विचारू नका हं.

ओलं लुगडं, काखेत थाळी. शेवंती आमच्या समोरून घराकडे निघून गेली.